बारा वाजताची भरती

लेखणी हातात धरण्याचा मला कसलाही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो आणि वाचकांचा वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागतो. वसईजवळच्या सातिवलीच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासतो. रबराच्या चकत्या मापात उतरल्या आहेत की नाहीत, हे पाहण्यात माझा दिवस जातो. त्या कामात फारसे बोलावे लागत नाही, म्हणून ते मला आवडते. शाळेत माझे निबंध बरे असत. पण ते वर्गासमोर वाचून दाखवण्याची पाळी आली की माझे पोट दुखू लागे. पुढे रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, तिथेही तोंडी परीक्षेत मला येणारी उत्तरे परीक्षकांपर्यंत पोचली नाहीत. असा माणूस तिशी उलटल्यावर पहिल्यांदाच काही लिहायला बसतो, तेव्हा त्याने निदान कारण तरी सांगावे.

कारण एक दिवस आहे. त्या दिवशी मी पॅसिफिक महासागरातल्या एका लहान बेटाच्या किनाऱ्यावर, भर दुपारी, पांढऱ्या कपड्यांत, घोटाभर पाण्यात उभा होतो. माझ्यामागे चाळीसेक माणसे उभी होती, आणि त्या सर्वांना मीच, पूर्ण खात्रीने, चुकीच्या वेळी तिथे बोलावले होते. त्याहून मोठा विजय मला आयुष्यात मिळालेला नाही.

मी वसईच्या पाचूबंदरचा. आमचे घर कोळ्यांचे आणि कॅथलिक. वडिलांची होडी, आईची मासळीची पाटी, आणि चर्चमधली रविवारची मिस्सा, अशा तीन गोष्टींवर घराचा आठवडा उभा होता. शिक्षणासाठी मी बंगळुरूला गेलो आणि तिथे मला एका निराळ्या ख्रिस्ती मंडळीचा लळा लागला. लोक त्यांना मोर्मन म्हणतात. कोणत्या वाटेने देव जवळ पडतो याचा वाद घालण्यासाठी मी हे लिहीत नाही, आणि तो मला घालता येणारही नाही. मी एवढेच सांगेन की त्या मंडळीत मी कोपऱ्यात गप्प बसलो तरी कुणी मला हलवून बोलते करायला येत नसे, आणि त्या शांततेत मला प्रथमच प्रार्थना करावीशी वाटली.

त्यांच्यात एक रीत आहे. तरुण मुले दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून जातात. कुठे जायचे हे आपण ठरवायचे नसते. पत्र येते, त्यात लिहिलेले असते. बहुतेक जण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जातात. मी प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचणारा, म्हणून पंचविसाव्या वर्षी, वयाची मर्यादा संपता संपता माझे पत्र आले. त्यात ज्या बेटांचे नाव होते ती शोधायला मला नकाशा दोनदा मोठा करावा लागला.

वडिलांना ते पटले नाही. आमच्याकडे जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात. मी निघालो त्या सकाळी ते ओट्यावर जाळे शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आपलं देऊळ पुरलं नाय का रं तुला?"

मी त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. पण जाळ्यातला हातही काढला नाही.

बेटांवरच्या मिशनरीचे जीवन फार शिस्तीचे असते. साडेसहाला उठायचे, अभ्यास करायचा, बेटाची भाषा घोकायची आणि मग दारोदार जायचे. सदैव जोडीने राहायचे. जोडीदार नजरेआड होता कामा नये. चहा घ्यायचा नाही. अंगात पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर नावाची पट्टी, आणि खाली तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेले गुडघ्याखालपर्यंतचे वस्त्र. आठवड्यातून एकदा, सोमवारी, घरी व्हिडिओ कॉल करण्याची मुभा होती. पहिल्याच सोमवारी आईने मला त्या वेषात पाहिले आणि ती पाटी बाजूला ठेवून हसत सुटली.

"वर सायब, खाली कोली!" ती म्हणाली. मग मागे वळून तिने हाक दिली, "अवो, बघा तरी पोरगा कसा दिसतोय!"

मागे वडिलांची पाठ दिसत होती. ती वळली नाही. पुढे प्रत्येक सोमवारी मला आईचा चेहरा आणि वडिलांची पाठ दिसत राहिली.

आणखी एक नियम होता, आणि तो माझ्याखेरीज इतर कुणाला फारसा जड गेला नसावा: मिशनरीने पोहायचे नाही. समुद्रात उतरायचे नाही. नियमाचे कारण मला समजत होते. दूरदेशीच्या, पाण्याची सवय नसलेल्या मुलांच्या जिवाची ती काळजी होती. पण मी चालायच्या आधी पाण्यात हातपाय मारलेला मुलगा. चहूबाजूंनी समुद्र, आणि आत पाऊल घालायचे नाही! पहिले आठ महिने मोठ्या बेटाच्या आतल्या भागात, डोंगराळ गावांत गेले, तेव्हा फारसे जाणवले नाही. नंतर माझी बदली या लहान बेटावर झाली आणि जिथे पाहावे तिथे पाणी दिसू लागले. मी त्यावर एक उपाय काढला. मी समुद्राकडे पाहणेच सोडले. किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना मी नारळीच्या बाजूला चाले, मान आत वळवून. भरती केव्हा येते, ओहोटी केव्हा लागते, इतके साधे निरीक्षण मी तीन महिन्यांत केले नाही. कोळ्याच्या मुलाने करू नये अशी ही गोष्ट मी मोठ्या निष्ठेने केली, आणि पुढचे सारे त्यातून घडले.

माझा जोडीदार एका थंड, डोंगराळ मुलखातला होता. एकोणीस वर्षांचा, भुऱ्या केसांचा, मोठ्या आवाजाचा. वयाने तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि अनुभवाने माझा वरिष्ठ. दार उघडले की तोच बोले. मी शेजारी उभा राहून स्मित करीत असे.

"आज तू बोलायचंस," तो प्रत्येक सकाळी म्हणे.

"उद्या," मी म्हणे.

"तुझ्या उद्याला आता नऊ महिने झाले. एवढ्यात मासेसुद्धा बोलायला शिकले असते."

त्याच्या बोलण्यात खोच असली तरी डंख नव्हता. पण मला माझी लाज वाटत होतीच. दोन वर्षे संपतील, मी घरी जाईन आणि वडील विचारतील की तिथे जाऊन काय बोललास, तर सांगण्यासारखे एक वाक्यही माझ्याजवळ नसेल, याची मला भीती वाटे.

अशात त्या आजी भेटल्या.

त्यांचे घर किनाऱ्याला लागून, गावाच्या टोकाला होते. वय ऐंशीच्या आसपास, देह भरभक्कम, गुडघे निकामी, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माणसे त्यांना धुक्यातल्या खांबांसारखी दिसत. पहिल्या दिवशी जोडीदार बोलत होता तेव्हा त्यांनी त्याला मध्येच थांबवून विचारले, "तुझ्याबरोबर दुसरा कोण आहे? श्वास ऐकू येतोय, शब्द नाही."

अंगणात त्या दोरीवर मासे वाळत घालीत होत्या. डोळ्यांनी दिसत नसल्याने मासे घसरून वाळूत पडत. मी पुढे झालो, दोन मासे घेतले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकली. पाचूबंदरला वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, बोंबील असेच टांगतात. वारा कितीही सुटला तरी जोडी पडत नाही. आजींनी चाचपून पाहिले. मग एक जोडी ओढून पाहिली. मग त्या मोठ्याने हसल्या.

"हा बोलत नाही, पण याच्या हाताला तोंड आहे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही आठवड्यातून तीनदा त्यांच्याकडे जाऊ लागलो. जोडीदार शिकवीत असे, मी मासे टांगीत असे. मिशनरीला तिथे 'एल्डर' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ वडीलधारा असा आहे आणि आजींना त्याची फार गंमत वाटे. "या वडीलधाऱ्यांनो, बसा. तुमच्या आशीर्वादाने तुमची नात बरी आहे," असे म्हणून त्या आम्हांला चटई देत. दोन महिन्यांनी त्यांनी बाप्तिस्मा घेण्याचे ठरवले आणि जोडीदाराने आनंदाने तारीख विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तारीख नंतर. मला पाण्यात तो मासेवाला नेईल. तू काठावर उभा राहा."

मी हातातली माशांची जोडी परत टोपलीत टाकली.

याचे कारण सांगायला हवे. आमच्या वसईच्या चर्चमध्ये बाळाच्या कपाळावर पाणी ओततात आणि संस्कार पूर्ण होतो. या मंडळीत तसे नाही. संपूर्ण देह पाण्याखाली गेला पाहिजे. केसाची बट किंवा पायाचे बोट जरी वर राहिले तरी पुन्हा करावे लागते. प्रार्थना एकाच वाक्याची असते, पण ती अक्षरशः जशीच्या तशी म्हणावी लागते. एक शब्द गळला तरी पुन्हा. दोन साक्षीदार दोन्ही बाजूंना उभे राहून एवढेच पाहत असतात. आणि ते वाक्य बेटाच्या भाषेत, साऱ्या गावासमोर, मोठ्याने म्हणायचे होते. तेही मी!

त्यात वेळ थोडा होता. पंधरा दिवसांतून एकदा येणारी बोट येत्या शनिवारी दुपारी तीनला सुटणार होती. आजी तिच्यातून मोठ्या बेटावर लेकीकडे, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी जाणार होत्या. "जाण्याआधी करायचं," त्यांनी बजावले होते. "माझ्या वयात माणूस बोटीत चढतो तेव्हा परतीचं धरून चालत नाही." प्रार्थनाघराच्या मागे बाप्तिस्म्याचे टाके होते, पण पाऊस लांबल्यामुळे ते कोरडे पडले होते, पिण्यालाच पाणी पुरत नव्हते. राहिला समुद्र. बाप्तिस्म्यासाठी मात्र मिशनरीला पाण्यात उतरण्याची परवानगी असते.

तीन महिने ज्याच्याकडे पाठ फिरवली होती, त्याची वेळ मला आता ठरवायची होती. मी काय केले? उठून किनाऱ्यावर जाऊन पाहिले? नाही. मी सोमवारी घरी फोन लावला.

बेटावर संध्याकाळचे पाच वाजले होते, वसईत सकाळचे साडेनऊ. मी आईला म्हटले, "आय, बाबांना विचार, शनिवारी भरती कवा असेल?"

आईने हातातली कोळंबी तशीच धरून मागे पाहिले. वडिलांची पाठ हलली. मग, अकरा महिन्यांनी प्रथमच, ते वळले. फोनकडे आले नाहीत; जागेवरूनच भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बोलले.

"शनवारी पुनव हाय. बाराला पानी भरेल. उधानाचं पानी. त्यात इचारायचं काय?" आणि जरा थांबून, "तुला कशाला पायजे?"

"एका म्हातारीला पाण्यात न्यायचंय."

"सांबालून ने," वडील म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब पोराटोरांना येतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची; जे येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या सुमारास. वडिलांचा, आजोबांचा, त्यांच्याही आधीच्यांचा समुद्र या हिशेबाने चालत आला होता. वडिलांचा आवाज कानात घेऊन मी बुधवारच्या बैठकीला गेलो. मंडळीचे प्रमुख तिथले शाळामास्तर होते. फणसासारख्या एका मोठ्या झाडाखाली सारे बसले होते, आजीही होत्या.

"मग शनिवारी किती वाजता?" मास्तरांनी विचारले.

मी उभा राहिलो. मला आठवते, मी खरोखर उभा राहिलो. "बारा वाजता," मी म्हणालो. "पौर्णिमा आहे. बारा वाजता भरती पूर्ण असते. मी कोळ्याचा मुलगा आहे."

मास्तरांनी आजींकडे पाहिले. आजींनी मान डोलावली. "बारा तर बारा," त्या म्हणाल्या. जोडीदाराने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे झुकलो. त्या दिवशी मी परतताना रस्त्याच्या मधून चाललो.

शनिवारी साडेअकराला आम्ही पांढरे कपडे घालून नारळीच्या झाडांतून किनाऱ्यावर उतरलो. आणि मी थांबलो.

समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण फार दूर, एका पांढऱ्या फेसाच्या रेघेपलीकडे. मध्ये सारा प्रवाळाचा सपाट खडक उघडा पडला होता. त्यावर घोटाभर पाणी, शेवाळे, आणि सावकाश चालणारे बगळे. पुढे कळले की तिथे पुनवेची भरती सकाळी सहा-सातच्या सुमारास येते आणि दुपारी बाराला जवळजवळ पुरी ओहोटी असते. आमच्या हिशेबाच्या नेमके उलट. वडिलांचा हिशेब खोटा नव्हता. तो वसईचा होता, आणि मी तो पोस्टातल्या पत्रासारखा न उघडताच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेला होता.

जोडीदार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहिले.

"तुझी भरती कुठे आहे?"

"येईल," मी म्हणालो.

"कुठून, वसईहून?"

मागून माणसे येत होती. बायकांनी डोक्यांत फुले माळली होती. मास्तरांच्या पिकअपमधून आजींना उतरवण्यात आले. त्यांच्यासाठी प्रार्थनाघरातली एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. मास्तर घड्याळ पाहत हळूच म्हणाले, "दोनपर्यंत आजींना धक्क्यावर पोचवायला हवे. पाणी परत यायला उशीर लागेल. हवे तर आजी परत आल्यावर..."

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. आजी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पांढऱ्या झग्यात, हातात छोटा टॉवेल घेऊन. त्यांनी माझ्या दिशेने तोंड केले. त्या नुसत्या वाट पाहत होत्या, आणि ती वाट माझीच होती हे माझ्यासकट सर्वांना दिसत होते.

मी चपला काढल्या. आणि तीन महिन्यांत प्रथमच मी समुद्राकडे नीट पाहिले.

सपाट दिसणारी जागा सपाट नसते, हे मला ठाऊक होते. पाचूबंदरला पाणी उतरले की चिखलातून ओघळ निघतात आणि सारे ओघळ कुठेतरी खोलाकडे जातात. लहानपणी आम्ही त्यांच्यामागून जाऊन अडकलेले मासे धरीत असू. मी वाकून पायाशी पाहिले. शेवाळ्याचे धागे सगळे उजवीकडे झुकले होते. म्हणजे पाणी अजून उजवीकडे चालले होते. मी त्यांच्यामागे निघालो. खडक टोकदार होता, पण लहानपणी कालवांच्या खडकांवर धावलेल्या पायांना ते चालून गेले. शंभर पावले, दोनशे पावले. बदामी पाणी हिरवे झाले, आणि मग त्या हिरव्यात निळ्या रंगाचा एक मोठा ठिपका दिसला. मी आत उतरलो. खाली वाळू. पाणी कमरेपर्यंत, थंड, खारट, ओळखीचे.

मी वळलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "इथे! घेऊन या!"

इतक्या मोठ्याने मी ओरडू शकतो हे मला माहीत नव्हते. बगळे उडाले.

मग जे निघाले त्याला मिरवणूकच म्हणावे लागेल. जोडीदार आणि मास्तर यांनी आजींची खुर्ची दोन्ही बाजूंनी उचलली. मागे सारा गाव, कपडे गुडघ्यांपर्यंत खोचून, हातांत चपला घेऊन, गात येत होता. मध्येच खुर्चीचा पाय एका खळग्यात गेला, आजी एका बाजूला कलल्या आणि जोडीदाराने "आजी, धरून बसा" म्हणताच त्या म्हणाल्या, "मी धरूनच बसले आहे, तू माझ्याकडे पाहू नकोस, खाली पाहा."

मी त्यांना हाताला धरून पाण्यात घेतले. मास्तर आणि जोडीदार साक्षीदार म्हणून दोन बाजूंना उभे राहिले. मी उजवा हात उंचावला, वाक्य म्हटले आणि आजींना मागे झुकवले. त्या पाण्याखाली गेल्या. पण खाऱ्या पाण्यात भरलेला देह तरंगतो. डावा पाय सावकाश वर आला, अंगठा उन्हात चमकला. मास्तरांनी मान हलवली.

"पुन्हा," ते म्हणाले.

आजी तोंडातले पाणी थुंकत उठल्या. मी पुन्हा हात उंचावला, पण माझे चित्त आता अंगठ्यात होते. वाक्याच्या मध्यावर माझा एक शब्द गळला. जोडीदाराने ओशाळून मान हलवली. काठावरचे गाणे थांबले होते. तोंडी परीक्षेतली ती जुनी स्तब्धता जिभेवर चढू लागली. मी खाली मान घालून, मराठीतच पुटपुटलो, "मला नाही जमणार."

आजींना शब्द कळले नसावेत, स्वर कळला असावा. त्यांनी माझी बाही ओढून मला जवळ घेतले आणि केवळ मलाच ऐकू जाईल असे बोलल्या.

"पोरा, तुला काय वाटतं, आज बाराला पाणी नसणार हे मला ठाऊक नव्हतं? ऐंशी वर्षं मी त्या खडकावरच्या लाटा ऐकते आहे. अंथरुणात पडून मी भरती सांगते. मास्तरांनाही ठाऊक होतं."

मी विचारले, "मग बोलला का नाहीत?"

"या बेटावर आल्यापासून तू पहिल्यांदा उभा राहून काहीतरी बोललास. ते मी खोडायचं? समुद्र कुठे पळून जातो का? थोडं जास्त यावं लागलं, एवढंच." मग त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "आता बुधवारी 'बारा वाजता' म्हणालास ना, त्याच आवाजात बोल. आणि लवकर बोल, माझी बोट सुटेल."

मला हसू आले. तेवढ्यात मला खुंटाची आठवण झाली: डोलीचे जाळे ज्याला बांधतात तो खुंट पाण्यात ठोकताना वडील त्याच्या बुडाशी पाय रोवून उभे राहतात, म्हणजे पाणी त्याला उचलत नाही. मी माझा डावा पाय आजींच्या दोन्ही पावलांवर हळूच ठेवला. हात उंचावला. आणि ते वाक्य, एकही अक्षर न गाळता, मी असे म्हटले की ते काठावरच्या सर्वांना आणि बहुधा त्या दूरच्या लाटांनाही ऐकू गेले असेल. आजी खाली गेल्या. केस, झगा, हात, अंगठे, सारे निळ्या पाण्याखाली. एक क्षण पाणी त्यांच्यावर मिटले.

त्या वर आल्या तेव्हा मास्तर आणि जोडीदार दोघेही मान डोलावीत होते. काठावरून एकच गजर झाला. आजींनी चेहऱ्यावरचे पाणी निपटले आणि म्हणाल्या, "हं. आता खुर्ची आणा."

त्या दुपारी अडीचला बोटीत चढल्या, ओल्या केसांनी.

सोमवारी मी घरी फोन लावला. या वेळी आईच्या शेजारी वडील आधीच बसले होते. मी त्यांना पाणी नव्हते हे सांगितले. त्यांनी आईच्या हातातून फोन आपल्याकडे घेतला.

"पुनवेला? बाराला? पानी नाय?"

"घोटाभर."

"मंग?"

मी सांगितले. शेवाळ्याच्या धाग्यांपर्यंत आलो तेव्हा ते पुढे सरकले, खुंटाच्या युक्तीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली आणि आईकडे वळून म्हणाले, "बघितलं? पाय रोवला पोरानं!" मग मला म्हणाले, "तिथला समिंदर उलटा हाय रं. आता दर सोमवारी मला भरतीची वेळ सांगायची. इसरायचं नाय."

त्यानंतरच्या तेरा महिन्यांत मी दारे ठोठावली आणि बोललो. नेहमीच चांगले बोललो असे नाही, पण उद्यावर ढकलले नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने मी समुद्राच्या बाजूने चालू लागलो. तीन महिन्यांनी आजी परत आल्या, दोन्ही डोळे उघडून. धक्क्यावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढासाच आहेस होय तू?" त्या म्हणाल्या. "आवाजावरून मला वाटलं होतं, चांगला उंच असशील."

मी घरी परतलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दिनदर्शिका होती. दर सोमवारच्या चौकटीत, तिथीच्या खाली, वडिलांनी पेन्सिलीने दोन वेळा लिहिल्या होत्या: एक आमच्या भरतीची, दुसरी माझ्या बेटाची. उलटून गेलेली पानेही त्यांनी फाडली नव्हती. मी विचारले तर म्हणाले, "तुझ्याकडं पानी कवा भरतंय ते ठावं नको?" धर्माविषयी आम्ही कधी बोललो नाही. आता मी वसईतच, एव्हरशाईन सिटीत राहतो, आणि रविवारी संध्याकाळी पाचूबंदरला जातो. ते त्यांच्या मिस्सेहून आलेले असतात, मी माझ्या सभेहून. दार उघडताच ते विचारतात, "काय रं, आज बोललास, का पोट दुखलं?"

"बोललो," मी सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरे असते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. चुका शोधणे हा माझा व्यवसाय आहे. चकती केसाएवढी जरी मापाबाहेर असली तरी मी तत्काळ तिच्यावर लाल खूण करतो, आणि माणसांच्या बाबतीतही माझा हात तितक्याच त्वरेने पुढे जातो, हे मला ठाऊक आहे. त्या झाडाखाली, तो कोळ्याचा मुलगा उभा राहून "बारा वाजता" म्हणाला तेव्हा, मी जर ऐकणाऱ्यांत असतो तर गप्प बसलो असतो असे मला वाटत नाही. म्हणून संकोच बाजूला ठेवून विचारतो: तुम्ही त्या आजींच्या जागी असता, तर मला आधीच सांगितले असते का?